करमतं का, असं विचारल्यावर

मी बार्शी सोडली त्या दिवशी अण्णा ड्युटीवर होते. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत कंट्रोलर होते. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, नितीन शारजाला परत गेला होता, माझा व्हिसा आला आणि मुंबईच्या गाडीचं रिझर्व्हेशन झालं. अण्णांनी मागितली असती तर रजा मिळाली असती. त्यांनी मागितली नाही. आई आणि मामा मला सोडायला स्टँडवर आले, आणि अण्णा काचेआड आपल्या केबिनमध्ये बसून राहिले. मी खिडकीपाशी बसले, मामांनी बॅगा वर ठेवल्या, आणि कर्ण्यातून नेहमीचा आवाज आला. बार्शी–मुंबई गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी. मग जरा थांबून तोच आवाज म्हणाला, "आणि तब्येतीची."

स्टँडवरचे दोघंतिघं हसले. आई रडायला लागली. गाडी वळली तेव्हा मला केबिनमध्ये फक्त त्यांची टोपी दिसली. ते रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होते, किंवा लिहितो आहोत असं दाखवत होते.

तुमच्यापैकी जे निघून आलात, त्यांचा प्रत्येकाचा असा एक स्टँड किंवा एअरपोर्ट असणार. आणि जे मागे राहिलात, त्यांनी ती गाडी वळताना पाहिली असणार. हे दोघांसाठी लिहिते आहे.

शारजात आम्ही आलो ते भाडं परवडतं म्हणून, आणि राहिलो ते सवय झाली म्हणून. नितीन दुबईत रास अल खोरला एका गोडाऊनमध्ये गाड्यांचे सुटे भाग सांभाळतो. सकाळी निघतो, रस्त्यात अडकतो, संध्याकाळी निघतो, पुन्हा अडकतो. मी समाजशास्त्रात एमए केलं होतं, बार्शीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलंही होतं. इथे आल्यावर त्या डिग्रीचं काय करायचं ते कळेना, म्हणून मुलांच्या ट्यूशन्स घेतल्या. इरा झाली. ती बोलायला लागली तेव्हा मी मराठीत विचारायचे आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. अजूनही तसंच आहे.

इरा मोठ्या शाळेत गेली त्या वर्षी ओळखीतल्या एका प्राध्यापक बाईंनी मला एक काम सुचवलं. युरोपच्या उत्तरेकडच्या चार देशांच्या युनिव्हर्सिटीजनी मिळून एक रिसर्च प्रोजेक्ट घेतला होता. त्यांच्याकडे लहान गावांतली तरुण मुलं दक्षिणेला, राजधानीकडे, नाहीतर सरळ शेजारच्या देशात कामाला जातात, आणि आईवडील बर्फात एकेकटे राहतात. मुलगी नॉर्वेत नर्स आणि बाप सीमेच्या अलीकडे स्वीडनमध्ये, अशी कितीतरी घरं. एका देशानं एकट्यानं विचार करून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून चौघं एकत्र बसले होते. आणि तुलनेसाठी त्यांना अशी जागा हवी होती जिथे जवळजवळ सगळेच दुसऱ्या देशातून आलेले आहेत. अशी जागा म्हणजे आमचं शारजा.

मुलाखत व्हिडिओवर झाली. घेणारी बाई फिनलंडची, नाव पाइवी. मी एक उत्तर दिलं की ती गप्प बसायची. मला वाटलं नेट गेलं. मी "हॅलो, हॅलो" करायचे, आणि ती शांतपणे म्हणायची, मी विचार करते आहे. पुढे कळलं की तिकडे कोणाच्या बोलण्यावर लगेच बोलणं हे फारसं चांगलं समजत नाहीत. आमच्या ऑनलाइन मीटिंगा म्हणजे चार देशांचे शांत चेहरे, आणि त्यांच्यात मी एकटी, प्रत्येक शांतता भरून काढायला धावणारी.

माझं काम सोपं होतं. इथे मुलांकडे येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांशी मराठीत आणि हिंदीत बोलायचं. कोल्हापूरचे, नाशिकचे, रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान घरांतले. प्रश्न ठरलेले होते आणि चारही देशांत तेच होते. त्यातला मुख्य प्रश्न असा, की गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा एकाकी वाटलं? मी मराठी करताना अडले. एकाकी हा शब्द बोलताना कोण वापरतं? मग मी "एकटं वाटलं का" असं केलं.

सगळ्यांचं उत्तर एकच. छे, एकटं कसलं, सगळे आहेत ना. मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत. राजापूरच्या एक आजी तर माझ्यावर रागावल्याच. अल्लानं भरलेलं घर दिलंय आणि असं काय विचारतेस, म्हणाल्या. मग रेकॉर्डिंग बंद केलं, चहा आला, आणि आजी खिडकीतून खाली गाड्यांच्या रांगेकडे बघत राहिल्या. चहा निवून गेला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

आकडे तिकडे पोचले. प्रोजेक्टचे प्रमुख हेन्रिक, डेन्मार्कचे, फार सज्जन माणूस. ते मीटिंगमध्ये म्हणाले की आखातातली म्हातारी माणसं आमच्यापेक्षा कितीतरी सुखी दिसतात, यातून आपल्याला शिकण्यासारखं आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मला आजींचा चहा आठवला, पण चहाचा तक्ता कसा करणार? मीही मान हलवली.

त्याच हिवाळ्यात आई गेली. ध्यानीमनी नसताना, हृदयविकारानं. दिवसकार्य झालं आणि मी अण्णांना म्हटलं, चला माझ्याबरोबर. ते नाही म्हणाले नाहीत. घराला कुलूप लावलं, किल्ली समोरच्या मंगलताईंकडे दिली आणि आले. नितीननं त्यांचा रेसिडेन्स व्हिसा करून घेतला. त्यांच्यासाठी मी इराची खोली रिकामी केली, टीव्हीवर मराठी चॅनेल लावून दिले, शेंगाचटणी करून ठेवली.

पहिल्या आठवड्यात अण्णांनी खोलीतला नळ दुरुस्त केला, दाराची बिजागरी दुरुस्त केली, गॅलरीत तुळस लावली. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही. एकदा बाजारातून येताना त्यांना शारजातल्याच जुबैल भागातला बस स्टँड दिसला. दुसऱ्या दिवसापासून ते रोज तिथे जाऊन बसू लागले. शारजाहून कुठल्या गाड्या सुटतात, रास अल खैमाची कधी, फुजैराची कधी, सगळं त्यांना पाठ झालं. कडक चहाचा दिरहम रोज मोठ्यानं रुपयात बदलून दाखवायचे आणि तरी चहा घ्यायचेच.

तिथे त्यांना अब्बासचाचा भेटले. रत्नागिरीजवळचे, सगळी जवानी आखातात घालवलेले, आता मुलांच्या दुकानामागच्या घरात राहणारे. अण्णा बार्शीचं मराठी बोलायचे, चाचा कोकणचं, मध्ये हिंदी, आणि चाचांच्या तोंडात इन्शाल्ला आणि यल्ला, म्हणजे चला, पेरलेले. एकदा ऐन उन्हाळ्यात दुपार टळून गेली तरी अण्णा घरी आले नाहीत. फोन सोफ्यावर पडलेला. नितीन रस्त्यात अडकलेला. मी टॅक्सी करून स्टँडवर गेले, तर दोघं एसीच्या वेटिंग हॉलमध्ये शेजारी शेजारी बसून काचेबाहेर बघत होते. मी चिडले होते. अण्णा म्हणाले, फुजैराची गाडी लेट झाली होती, ती सुटल्याशिवाय कसं उठायचं. चाचा मला समजावत म्हणाले, "बेटी, रागावू नको. हे गाडी बघतात, मी ह्यांना बघतो."

आणि मग पाइवी शारजाला आली.

उंच, पांढऱ्या भुवयांची, उन्हानं दोन दिवसांत लाल झालेली. आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिनं शेंगाचटणी नुसतीच चमच्यानं खाल्ली आणि इरा तिच्या प्रेमात पडली. तिला थोड्या मुलाखती स्वतः घ्यायच्या होत्या. नावांच्या यादीत मी अण्णांचं नाव घातलं नव्हतं. पण अण्णाच म्हणाले, मी बोलतो की. पाइवी म्हणाली, चालेल, पण नियम आहे, घरच्या माणसानं दुभाषी व्हायचं नाही. मग कोण? चाचांचं इंग्लिश दुकानातलं होतं, पण चांगलं होतं. तर ठरलं असं, की माझ्याच हॉलमध्ये माझ्या वडिलांची मुलाखत फिनलंडची बाई घेणार, मध्ये रत्नागिरीचे चाचा, आणि मी इराला घेऊन खाली ग्रोसरीत जाणार.

मी कोथिंबीर निवडून निवडून घेतली. इरानं विचारलं, "व्हाय आर वी सो स्लो?"

वर आले तेव्हा पाइवी निघण्याच्या तयारीत होती. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. मुलाखतीतलं ती मला सांगणार नव्हती, तो तिचा नियम. चाचांनी माझ्याकडे न बघता चपला घातल्या.

रात्री जेवायला बसलो. अण्णांनी पहिला घास घेतला आणि ताट थोडं पुढे सरकवलं.

"शुभे," ते म्हणाले, "त्या बाईला सांगितलं ते तुला न सांगणं बरं दिसत नाही. तुझ्या घरात मला कशाची कमी नाही. जावई तर पोरापेक्षा बरा. पण मला हितं करमंना गं."

मी म्हटलं, अण्णा, तिकडे कोण आहे आता? घर रिकामं आहे. आई नाही.

"नाही ना," ते म्हणाले. "ती नाही हे मला माहीत आहे. पण तिथं मी दारात बसलो की येणारे जाणारे विचारतात, अण्णा, लातूरची गाडी गेली का? रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, अजून विचारतात. हितं मला सगळ्या गाड्या पाठ आहेत, पण विचारतंय कोण?"

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. मी खोली दिली, व्हिसा दिला, चटणी दिली, आणि माणूस म्हणतो करमत नाही. मी उठून पोळ्या वाढायला गेले आणि ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले. तिथे उभी असताना मला आठवलं, की माझी इथली पहिली दोन वर्षं मी आईला फोनवर रोज हेच सांगायचे. करमत नाही गं. आणि आई म्हणायची, करमेल, जरा दम धर. मला करमलं. मी सत्तावीस वर्षांची होते. अण्णांना दम धरायला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदा न विचारता बोलले. पाइवी माझ्याच स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती, बाकीचे पडद्यावर. मी म्हटलं, आपला प्रश्न चुकतो आहे. आमच्या माणसांना एकटं वाटतं का विचारलं की ते घरातली माणसं मोजतात आणि नाही म्हणतात. मुलाची बदनामी नको म्हणूनही नाही म्हणतात. आमच्याकडे दुसरा शब्द आहे. करमणं. ते दुःख नव्हे, एकटेपणही नव्हे. भरल्या घरात माणसाला करमत नाही, आणि रिकाम्या घरात करमतं. तुमचा दिवस तुम्हाला आपला वाटतो की नाही, असं काहीसं. मग मी म्हटलं, हे मला माझ्या वडिलांमुळे कळलं, आणि ते परत जायचं म्हणतात.

शांतता. या वेळी मी ती भरली नाही.

हेन्रिक म्हणाले की मध्येच प्रश्न बदलला तर आधीच्या सगळ्या उत्तरांशी तुलना करता येणार नाही, आणि ते खरंच होतं. नॉर्वेची एक तरुण मुलगी म्हणाली, आमच्या बेटांवर पण असंच होतं, म्हातारे सगळं ठीक आहे म्हणतात. स्वीडनवाल्यांनी त्यांच्याकडचा कुठलासा शब्द काढला आणि आपसात त्यावरून वाद घातला. पाइवी म्हणाली, माझी आई जे म्हणते ते मला इंग्लिशमध्ये सांगताच येत नाही, तर मी तिलाच आपला प्रश्न विचारला असता तर तिनं काय उत्तर दिलं असतं? शेवटी असं ठरलं, की जुना प्रश्न तसाच ठेवायचा, आणि शेवटी एक मोकळा प्रश्न घालायचा. प्रत्येकानं आपल्या गावाच्या शब्दांत. मराठीत तो झाला, तुम्हाला इथे करमतं का, आणि कशानं करमेल?

त्या प्रश्नानंतर माणसं बोलायला लागली. राजापूरच्या आजी, ज्या रागावल्या होत्या, त्या अर्धी दुपार त्यांच्या विहिरीवरच्या बायकांबद्दल बोलल्या. उत्तर नॉर्वेतल्या एका बेटावरचा म्हातारा एका बोटीबद्दल बोलला, जी आता त्याच्या धक्क्याला थांबत नाही. ते भाषांतर मी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, फेरी बंद करताना गावाला विचारायला पाहिजे होतं.

अण्णांचं तिकीट काढलं, पण मला घोर होता तो ते एकटे राहणार याचा. पाइवीनं मला खालिद लगूनच्या काठी चालताना तिच्या आईचं सांगितलं. लांब उत्तरेला, एकाच रस्त्याचं गाव. सकाळी उठलं की आई पडदा उघडते. समोरची बाई बघते. पडदा उघडला नाही तर ती येऊन दार वाजवते. समोरचीचा पडदा आई बघते. सरकारी मदतनीस येते ती वेगळी, पण पाइवीला झोप लागते ती त्या पडद्यामुळे.

बार्शीत आमच्या घराला समोर पडदा नाही. पण अण्णा रोज सकाळी दारात खुर्ची टाकतात. मी मंगलताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, त्याही एकट्याच. त्या म्हणाल्या, अगं, त्यात सांगायचं काय, मी तशीही बघतेच. पण मग माझी रांगोळी अण्णांनी बघायची, हे ठरलं तर.

चाचा अण्णांना सोडायला एअरपोर्टला आले. दोघांनी मिठी मारली नाही. चाचांनी खजुराचा डबा दिला, अण्णांनी तो कुठे ठेवायचा ते बराच वेळ ठरवलं.

पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी खुर्ची बाहेर आली नाही. मंगलताईंनी वाट बघितली नाही. किल्ली त्यांच्याकडे होतीच. अण्णा न्हाणीघरात पडले होते, मनगट मोडलं होतं, आणि उठता येत नव्हतं. ताईंनी गल्लीतल्या दोघांना हाक मारली, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, आणि मग मला फोन केला. पहिलं वाक्य असं बोलल्या, "शुभा, अण्णा बरे आहेत. आता पुढचं ऐक."

मी तिसऱ्या दिवशी बार्शीत होते. प्लास्टर, गोळ्या, कुकर, पाणी भरणं. पहिला आठवडा धावपळीत गेला. मग दुपारी मला वेळ मिळायला लागला, आणि मी अंगणात फिरायला लागले. शाळेतल्या मैत्रिणी गावात राहिल्या नव्हत्या. दुकानदार मला "कुठल्या आपण?" असं विचारत होते. मी सारखी फोनवर शारजाची वेळ बघत होते. इरा शाळेतून आली असेल, नितीन रस्त्यात असेल. एकदा दुकानदाराशी बोलता बोलता तोंडातून "यल्ला" निघालं आणि तो माझ्याकडे बघत राहिला. अण्णा खुर्चीतून हे सगळं बघत होते. म्हणाले, तू आता जा. माझ्या हाताचं काय, तो आपोआप जुळेल. तुझं तिकडे सगळं अडलंय. मी म्हटलं, मला घाई नाही. ते हसले फक्त.

पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथून निघालो ते. नंतर वाटायला लागलं, जिथे पोचलो ते. पाइवी एकदा म्हणाली होती, की चार देशांनी मिळून एवढी वर्षं काम केलं, आणि घर या शब्दाची व्याख्या आम्ही अहवालात मुद्दाम घातली नाही. मी आता तिच्या बाजूची आहे. अण्णांचं घर बार्शीत आहे. माझं तिथे माहेर आहे, आणि घर शारजात. हे कबूल करायला मला वेळ लागला, त्यांना लागला नाही. आणि दोन्हींच्या मधला जो समुद्र आहे, तो एकट्या मुलीनं रोज पोहून पार करायचा नसतो. अलीकडे मंगलताई लागतात, पलीकडे चाचा लागतात, आणि कधीकधी फिनलंडची एक बाई.

परतले तेव्हा नितीन आणि इरा एअरपोर्टवर आले होते. शारजाच्या रस्त्यावर आम्ही नेहमीप्रमाणे अडकलो. मी अण्णांना फोन लावला, पोचले म्हणून सांगायला. खूप रिंग झाल्यावर त्यांनी उचलला.

"पोचलीस? बरं. ठेव आता," ते म्हणाले. "मंगलताईंना डोळे दाखवायला न्यायचंय. रिक्षा दारात उभी आहे."

मी म्हटलं, अहो, तुमचा हात?

"हात गळ्यात आहे. डोळे त्यांचे तपासायचेत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नितीननं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, कामात आहेत. आणि आम्ही दोघं त्या ट्रॅफिकमध्ये हसत सुटलो. मागून इरा कंटाळून म्हणाली, "कॅन वी प्लीज गो होम?" पुढची गाडी हलली होती. नितीननं ब्रेकवरचा पाय काढला आणि म्हणाला, "यल्ला."